समुद्राची पांदण

समुद्रकिनाऱ्यावरील जुन्या विश्रांतिस्थानांचे नूतनीकरण व विस्तार हा सध्या हॉटेलव्यवसायातील मोठ्या हौसेचा विषय झाला आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या बैठ्या, कौलारू खोल्यांच्या जागी नवी दालने उभी राहात आहेत, बागांच्या जागी पोहण्याचे तलाव येत आहेत आणि जुन्या कुंपणापलीकडची जमीन नव्या नकाशात सामावून घेतली जात आहे. त्यातच 'केवळ प्रौढांसाठी' ही एक नवी पाटी येऊ लागली आहे. लहान मुलांना प्रवेश नाही, असे सांगणारी ही विश्रांतिगृहे पाश्चात्त्य देशांत केव्हाच रुजली. आता आपल्याकडेही त्यांचे अनुकरण सुरू झाले आहे. कोणी आपल्या हॉटेलात कोणास घ्यावे आणि किती खोल्या बांधाव्यात, हा एरवी अग्रलेखाचा विषय व्हावयाचा नाही. परंतु या विस्ताराच्या पायाशी एक प्रश्न दडला आहे, आणि तो केवळ हॉटेलवाल्यांचा नाही. हॉटेल वाढते तेव्हा ते कोणत्या दिशेने वाढते, आणि त्या दिशेने पूर्वी कोणाची वाट जात होती, हा तो प्रश्न होय.

जालना जिल्ह्यातील वाचक कदाचित विचारील की, या प्रश्नाशी आपला काय संबंध? आपण कोरड्या मुलखातील माणसे. पैठणच्या धरणामागे साठलेल्या गोदावरीच्या पाण्यालाच आपण 'नाथसागर' म्हणतो, यातच आपली समुद्राची भूक दिसून येते. पण हा प्रश्न किनाऱ्यावर राहणाऱ्यांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, आपला आहे. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. हंगामात तेथील मिरची ट्रक भरभरून दूरदूरच्या प्रांतांत जाते. एखाद्या वर्षी भाव चांगला लागला, देणी फिटली आणि हाती चार पैसे उरले, तर त्या गावातील शेतकऱ्यालाही वाटते की, मुलाबाळांना एकदा समुद्र दाखवून आणावा. एके काळी ही इच्छा मनातच राही. आता तसे नाही. ३० डिसेंबर २०२३ पासून जालन्याहून मुंबईस वंदे भारत गाडी धावू लागली आणि जालन्याजवळून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. समुद्र आपल्या दृष्टीने शेकडो वर्षांत नव्हता इतका जवळ आला आहे. अशा वेळी किनाऱ्यापर्यंत पोहोचलेल्या त्या कुटुंबास शेवटच्या दोनशे पावलांवर भिंत आडवी आली, तर शेकडो कोसांच्या त्या रस्त्याचा उपयोग काय?

प्रथम हॉटेलमालकांची बाजू न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. खारा वारा लोखंड खातो, भिंती पोखरतो. किनाऱ्यावरच्या इमारतीची डागडुजी ही चैन नसून गरज असते. सांडपाण्याची जुनी व्यवस्था बदलणे, विहिरींवरील भार कमी करणे, नोकरवर्गासाठी नीट निवासस्थाने बांधणे, ही कामे नूतनीकरणातूनच व्हावयाची. शिवाय अशा जागांना वर्षानुवर्षे येणारे निष्ठावंत पाहुणे असतात. तोच महिना, तीच खोली, व्हरांड्यातील तीच खुर्ची आणि नावाने ओळखणारा तोच वृद्ध वाढपी, यांसाठी ते येतात. त्यांची ती माया खोटी नव्हे. ज्यांना उतारवयात निवांतपणा हवा आहे, त्यांनी मुलांच्या गलबल्यापासून दूर अशी जागा शोधली तर त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. आपल्या आवारात कोणते नियम असावेत हे मालकाने ठरवावे, आणि ज्याला ते पटतील त्याने तेथे उतरावे. आमचा आक्षेप आवाराच्या आतल्या नियमांना नाही. ते आवार जेव्हा पसरत पसरत भरतीच्या रेषेपर्यंत जाऊन पोहोचते, तेव्हा आमचा आक्षेप सुरू होतो.

या बाबतीत गोव्यात घडलेले एक प्रकरण प्रत्येक सुशिक्षित नागरिकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. पणजीनजीक दोना पावलाजवळ ताळगावच्या हद्दीत वायंगिणी नावाचा एक छोटा, देखणा किनारा आहे. तेथे १९८० च्या दशकाच्या आरंभी 'सिदाद द गोवा' हे हॉटेल उभे राहिले. त्याचा आराखडा चार्ल्स कोरिया या थोर वास्तुशिल्पकाराचा. वास्तू म्हणून ते हॉटेल नावाजले गेले, आणि ते योग्यच होते. या हॉटेलाच्या विकासासाठी सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन संपादन करून कंपनीस दिली. खाजगी कंपनीसाठी लोकांची जमीन घ्यावयाची तर त्यात काही सार्वजनिक हित दिसावे लागते. म्हणून १९८३ साली सरकार आणि कंपनी यांच्यात जो करार झाला, त्यात किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट मोकळी राहील अशी अट घालण्यात आली. अट साधी होती, स्वच्छ होती आणि लेखी होती.

परंतु पुढे हॉटेल वाढले आणि वाट आखडली. ज्या वाटेने गावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकडे जात होती, तिच्यावर बांधकाम आले. रहिवासी न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००० साली लोकांच्या बाजूने निकाल दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला आणि वाट अडविणारे बांधकाम पाडण्याचा आदेश कायम केला. समुद्र, किनारा, नद्या, वने ही संपत्ती राज्यसंस्थेकडे लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून असते. विश्वस्ताला ती परस्पर कोणाच्या पदरात टाकता येत नाही, हे तत्त्व न्यायालयाने त्या निकालात निःसंदिग्धपणे सांगितले.

एवढ्यावर प्रकरण संपावयास हवे होते. ते संपले नाही. त्याच वर्षी गोवा सरकारने वटहुकूम काढून भूसंपादन कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती केली, मागाहून तिला विधानसभेची संमती घेतली आणि पाडावयाच्या बांधकामास अभय दिले. या दुरुस्तीच्या वैधतेचा वाद पुन्हा न्यायालयांत गेला. त्याचा निवाडा कायद्याच्या भाषेत काहीही होवो. लोकनीतीच्या दृष्टीने त्या कृत्याचे वर्णन करण्यास 'कुंपणानेच शेत खाल्ले' यापेक्षा दुसरे शब्द आमच्यापाशी नाहीत. ज्या सरकारने करारात लोकांच्या वाटेची अट घातली, त्याच सरकारने ती अट मोडणाऱ्याच्या संरक्षणार्थ कायदा केला. पर्यटनावर राज्याचे पोट आहे, हॉटेल पाडल्यास माणसे बेकार होतील, असे त्या वेळी सांगण्यात आले. पण बांधकाम करताना करार समोर असूनही तो पाळला गेला नाही, याचा भार नोकरवर्गाच्या खांद्यावर टाकून मालकाने आणि सरकारने निसटून जावे, हा कोणता न्याय?

हे प्रकरण वाचताना आपल्या भागातील कोणत्याही शेतकऱ्याला ते परके वाटणार नाही. त्याच्या दृष्टीने हा सरळसरळ पांदणीचा तंटा आहे. बांध कोरीत कोरीत एखादा सधन खातेदार पांदण गिळंकृत करतो. प्रथम काटेरी कुंपण येते, मग दगडांची रास, मग फाटक, आणि शेवटी 'येथे वाट कधी नव्हतीच' असा जबाब. पावसाळ्यात बैलगाडी मागे फिरते, तोडलेला माल शेतात सडतो आणि मुले शाळेला मुकतात. तहसील कचेऱ्यांतून अशा तंट्यांचे ढीग साचलेले असतात. म्हणूनच १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमात अडविलेली वाट मोकळी करण्याचा अधिकार महसुली अधिकाऱ्याला देण्यात आला, आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने बांधावरून वाट मिळण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला. जमीन तुझी असेल, पण वहिवाट सर्वांची, हे सूत्र आपल्या ग्रामीण जीवनाने कायद्याच्याही पूर्वीपासून मानलेले आहे. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात जो न्याय लागू आहे, तोच वायंगिणीच्या किनाऱ्यावर लागू का नसावा? तेथील खातेदार श्रीमंत आहे आणि त्याचे पाहुणे दूरदेशीचे आहेत, एवढेच काय ते अंतर.

किनारा सर्वांचा असतो हा विचार काही आजचा नाही. वारा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा काठ ही निसर्गतःच सर्वांच्या सामाईक मालकीची आहेत, असे सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या रोमन विधिसंहितेने नमूद करून ठेवले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्याच तत्त्वाचा आधार घेतला तो हिमाचल प्रदेशातील एका मोटेलच्या प्रकरणात. मनालीच्या वाटेवर बियास नदीच्या काठी असलेल्या त्या मोटेलचे बांधकाम नदीच्या अंगाने पसरत गेले आणि वनजमीनही त्याने व्यापली. नदी पूर येऊन अंगावर आली, तेव्हा यंत्रे लावून तिचा प्रवाहच वळविण्याचा खटाटोप झाला. न्यायालयाने जमिनीचा पट्टा रद्द केला आणि झालेली हानी भरून देण्यास बजावले. केरळात वेंबनाड सरोवरातील एका बेटावर किनारा नियमन झुगारून चोपन्न बंगल्यांचे विश्रांतिस्थान उभारले गेले. ते पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली कायम केला आणि २०२२ साली पाडकाम सुरू झाले. एकंदरीत न्यायालयांनी वेळोवेळी डोळे उघडे ठेवले आहेत. पण प्रत्येक वाटेसाठी लोकांनी वीस-पंचवीस वर्षे कोर्टाची पायरी झिजवावी, हा राज्यकारभार नव्हे.

या वाटेने गेल्यास शेवट कोठे होतो हे पाहावयाचे असेल तर जमैका बेटाकडे पाहावे. केवळ जोडप्यांसाठी असलेल्या किनारी विश्रांतिस्थानांची जगप्रसिद्ध मालिका 'सँडल्स' तेथेच १९८१ साली माँटेगो बे येथे सुरू झाली. तिचा व्याप वाढला, देशाला परकीय चलन मिळाले, हजारो हातांना काम मिळाले. हे सर्व खरे आहे. परंतु त्या देशाचा १९५६ चा किनारा नियंत्रण कायदा ब्रिटिश अमदानीतला. त्याने भरती-ओहोटीमधली पट्टी राजसत्तेच्या मालकीची ठरविली आणि सामान्य माणसाला तेथे जाण्याचा सरसकट हक्क दिला नाही. परिणामी, बेटावर जन्मलेल्या माणसाला आपल्याच समुद्रात उतरण्यासाठी मोकळी जागा धुंडाळावी लागते, आणि किनाऱ्याचा जन्मसिद्ध हक्क मिळावा म्हणून तेथील नागरिकांना आज चळवळ करावी लागत आहे. चोहीकडे पाणी असून माणूस पाण्याला पारखा झाला. तेथील पाहुण्यांनी कोणाचे वाईट चिंतिले नव्हते. त्यांना फक्त शांतता हवी होती. पण त्या शांततेची किंमत पाहुण्याच्या बिलात कधीच लिहिली गेली नाही. ती शेजारच्या गावाने भरली.

आपल्या देशात वेळीच सावध करणारे कोणी नव्हते असे नाही. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामांपासून मोकळा ठेवण्यास सांगितले होते. पुढे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. ती अनेक वेळा दुरुस्त झाली, २०११ साली नव्याने निघाली, आणि २०१९ च्या अधिसूचनेने तर दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील दोनशे मीटरांची मर्यादा पन्नास मीटरांवर आणून ठेवली. मर्यादा आकसत गेली तसतसे तिच्या पालनाचे महत्त्व वाढले. दोनशे मीटरांत एखादी वाट बुजली तर दुसरी सापडते. पन्नास मीटरांत ती सापडत नाही.

महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीप्रमाणे ७२० किलोमीटरांचा आहे. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. शिरोड्याजवळ वेळागर येथील पंचतारांकित हॉटेलाचा आणि त्यासाठीच्या जमिनीचा प्रश्न गेली अनेक वर्षे तेथील ग्रामस्थांच्या मनात सलत आहे. याच शिरोड्यास १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला होता, हे आम्ही मुद्दाम आठवून देतो. समुद्राने दिलेले मूठभर मीठ उचलण्यास परक्या सरकारची परवानगी का लागावी, असा तो सवाल होता. समुद्रापर्यंत चालत जाण्यास कोणाची परवानगी का लागावी, हा सवाल त्याच जातीचा आहे. कोकणातील रापणकार आजही किनाऱ्यावर उभा राहून जाळे ओढतो. त्याला होडी लावावयास, जाळे पसरावयास, मासळी सुकवावयास वाळूच लागते. पाहुण्यांच्या आरामखुर्च्यांची रांग जेथे लागते, तेथे त्याच्या जाळ्याला जागा राहात नाही. त्याच्या दृष्टीने किनारा हे सहलीचे ठिकाण नसून शेत आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सार्वजनिक किनाऱ्यांची स्थिती पाहा, असे म्हटले जाईल. प्लॅस्टिकच्या पिशव्या, फुटक्या बाटल्या, वाळूवर भरधाव फिरविलेल्या मोटारी. यापेक्षा हॉटेलवाल्यांनी राखलेला स्वच्छ किनारा काय वाईट? त्यातील निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष खोटा आहे. सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांची पाने कोणी फाडतो म्हणून वाचनालय एखाद्या धनिकास विकून टाकावे, असे आपण म्हणत नाही. आपण तेथे शिस्त लावतो. किनाऱ्यावर येणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय सहलींनीही या बाबतीत थोडे आत्मपरीक्षण करावे. जो हक्क आपण मागतो तो कचऱ्यासकट मागता येणार नाही. पण किनारा घाण होतो याचे उत्तर झाडू, दंड आणि शौचालय हे आहे. भिंत हे नव्हे.

आमच्या मागण्या म्हणूनच मोजक्या आणि व्यवहार्य आहेत. किनाऱ्यावरील कोणत्याही हॉटेलच्या नूतनीकरणास अथवा विस्तारास परवानगी देण्यापूर्वी तेथील सर्व पूर्वापार वाटा मोजून नकाशावर दाखविल्या जाव्यात आणि तो नकाशा ग्रामसभेपुढे मांडला जावा. त्या वाटांची नोंद सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात व्हावी, म्हणजे मालक बदलला तरी वाट बदलणार नाही. हॉटेलास वाढावयाचे असेल तर त्याने जमिनीच्या अंगाने वाढावे, समुद्राच्या अंगाने नव्हे. वाटेच्या तोंडाशी पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी शौचालय व कपडे बदलण्याची खोली असावी. तिच्या अभावी गरीब घरच्या बायकांना समुद्र दुरूनच पाहून परतावे लागते, हे आपल्या कोणत्याही पर्यटनधोरणाच्या लक्षात आलेले दिसत नाही. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची मागणी अशी की, अट मोडून केलेले बांधकाम मागाहून नियमित करण्याचा वटहुकूम किंवा कायदा महाराष्ट्रात होणार नाही, असे सरकारने विधिमंडळात स्पष्ट सांगावे. एकदा नियम मोडणारास अभय मिळाले की, नियम पाळणारा तेवढा मूर्ख ठरतो.

या प्रसंगी दोन शब्द त्या निष्ठावंत पाहुण्यांनाही सांगावेसे वाटतात. मालक सरकारचे ऐकत नसेल, पण तो तुमचे ऐकतो. खोली नवी झाली की नाही, तलाव केवढा झाला, भोजनात काय वाढले, याची चौकशी तुम्ही करताच. तिच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारा. पूर्वी या बागेच्या कडेने मासळीच्या टोपल्या घेऊन बाया जात असत, त्या आता कोठून जातात? ज्या जागेवर आपण वर्षानुवर्षे प्रेम केले, तिच्या शेजाऱ्यांची खबर घेणे हा त्या प्रेमाचाच भाग आहे. ज्यांची बहुतेकांशी सुट्टी अशा जागी जाते, त्या शिकलेल्या, स्थिरस्थावर वर्गात आमचे पुष्कळ वाचक मोडतात, म्हणून हे त्यांना उद्देशून लिहिले.

हॉटेलाच्या दारावर 'लहान मुलांना प्रवेश नाही' अशी पाटी खुशाल असावी. दार मालकाचे आहे. ती पाटी समुद्राच्या दारावर मात्र लागता कामा नये. आमच्या कोरडवाहू मुलखातील मूल आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहील, तेव्हा ते ओरडेल, धावेल, वाळूत लोळेल आणि एखाद्याच्या विश्रांतीत थोडा व्यत्ययही आणील. तेवढा व्यत्यय सोसण्याइतका समुद्र मोठा आहे. त्याच्या काठावर राहू इच्छिणाऱ्यांनीही तेवढे मोठे व्हावे, आणि ते होत नसतील तर पांदण मोकळी ठेवण्याचे काम सरकारने करावे.